एक्केचाळीस आणि काका

मंगळवार, सायंकाळी सात वाजून पंधरा मिनिटे.

मी खाली सही करणारी, वय एक्कावन्न वर्षे, धंदा नोकरी, एकदिवसीय शहरदर्शन सहलीच्या बसवर मार्गदर्शक, राहणार पाण्याच्या टाकीमागची कामगार वसाहत, दुसरा मजला, जिन्यालगतची खोली, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. या नोकरीत मला एकोणीस वर्षे झाली. आठवड्यातून पाच दिवस मी तेच शहर, तेवढ्याच वेळात, जवळपास त्याच शब्दांत लोकांना दाखवते.

आज आमच्या सहलीतला एक प्रवासी वनस्पती उद्यानाच्या थांब्यावर मागे राहिला. वय अठ्ठ्याहत्तर वर्षे, निवृत्त लिफ्टमन. बसवर आम्ही त्यांना काका म्हणतो. ते मागे कसे राहिले याबद्दल मला जे माहीत आहे ते सांगते. जबाब लिहून घेणारे हवालदार मला थोडक्यात सांगा म्हणाले. त्यावर माझे म्हणणे असे की दोन थांब्यांमधला रस्ता बोलून भरून काढायचा हेच माझे काम असल्याने थोडक्यात बोलायची सवय राहिलेली नाही, तरी प्रयत्न करते.

काकांना मी दीड वर्षापासून ओळखते. पहिल्यांदा त्यांचा मुलगा त्यांना घेऊन स्टँडवर आला, तो दिवस मंगळवारच होता. मुलाचे वय सुमारे चाळीस, औषधांच्या कारखान्यात गोळ्या पाकिटात भरणाऱ्या यंत्रावर काम करतो. त्याने खिडकीवर रीतसर एक तिकीट काढले आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, बाबांनी उभ्या जन्मात हे शहर धड पाहिलं नाही. आज जरा लक्ष ठेवाल का? थोडं विसरतात ते." मी ठेवते म्हटले. काकांनी छत्तीस वर्षे एकाच इमारतीत लिफ्ट चालवली. त्यांनी शहर खालून वर आणि वरून खाली पुष्कळ पाहिले होते, आडवे पाहायचे राहून गेले होते. हे वाक्य त्यांचे स्वतःचे आहे, माझे नाही. मला इतके बरे सुचत नाही.

त्याच आठवड्यात शुक्रवारी मुलगा त्यांना पुन्हा घेऊन आला. "फार आवडलं त्यांना," म्हणाला. पुढच्या मंगळवारी त्याने खाली बघत तिकीट माझ्या हातात दिले. तोपर्यंत मला कळले होते. त्याची बायको एका इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी दोघांचीही दिवसपाळी एकाच वेळी येते. आधी शेजारच्या बाई मधून मधून डोकावून जात. मग एके दिवशी काकांनी रिकामे भांडे पेटत्या शेगडीवर ठेवले आणि खाली जाऊन इमारतीच्या लिफ्टमध्ये उभे राहिले. दुपारपर्यंत ते लोकांना वर-खाली नेत होते. पहिल्या मजल्यावर जाणाऱ्यांनाही म्हणे त्यांनी गच्चीपर्यंत फिरवून आणले. त्या दिवसापासून शेजारच्या बाईंनी हात जोडले. "घरात कोंडून कुलूप लावून जाऊ का त्यांना, ताई?" असे मुलाने मला विचारले होते. बसमध्ये निदान खिडकी तरी होती.

हे कंपनीला माहीत होते का असे विचारले असता सांगते की, दर वेळी तिकीट होते. माणूस कितव्यांदा येतो आहे ते लिहायला तिकिटावर जागा नाही. व्यवस्थापकांना काय माहीत होते ते त्यांनाच विचारावे. मी सांगितले नव्हते.

सुट्ट्या आणि त्यांची आजारपणे वजा जाता दीड वर्षात काका सव्वाशे वेळा तरी माझ्या बसमध्ये बसले असतील. त्यांना दर वेळी शहर नवे असे. सकाळी ते मला विचारत, "तुम्ही याच बसच्या का?" जेवणाच्या वेळेपर्यंत मी त्यांच्यासाठी "आमच्या बाई" झालेली असे. घड्याळाच्या मनोऱ्यापाशी ते मान मागे टाकून "कितवा मजला?" म्हणत. माझे विनोद ठरलेले आहेत. उजवीकडे पाहा, डावीकडे पाहा आणि मधे झोपलेत त्यांना झोपू द्या, हा पहिला. असे दिवसाला सात आहेत. एकोणीस वर्षे मी ते सांगते आहे आणि मला स्वतःला त्यांचा वीट आलेला आहे. लोक शहर बघायला येतात म्हणतात, पण उतरल्याबरोबर आधी स्वच्छतागृह विचारतात आणि मग खरेदीला वेळ किती आहे ते. सातही विनोदांना दर वेळी मनापासून हसणारा प्रवासी मला एकच मिळाला. हे तपासात उपयोगाचे नाही असे हवालदार म्हणाले. पुढे ते उपयोगाला येते, म्हणून सांगितले.

आता मोजणीबद्दल सांगते. प्रत्येक थांब्यावर बस सुटण्यापूर्वी मार्गदर्शकाने माणसे मोजायची असतात. मी मागच्या सीटपासून पुढे येते आणि प्रत्येक सीटच्या पाठीला हात लावत मोजते. चालक आणि मी त्यात धरत नाही. आपण आपल्याला मोजत नसतो. चालकामागच्या पहिल्या बाकावर एक जागा माझी आणि तिच्याशेजारची, खिडकीची, काकांची. सुरुवातीला मी त्यांना मोजत असे. मग कधीतरी बंद झाले. नेमके कधी ते सांगता येणार नाही. चढताना त्यांचा कोपर माझ्याच हातात असे, शेजारी तेच बसत, माझ्या डब्यातले खात, माझी पिशवी सांभाळत. मी दुसऱ्या बाकापर्यंत येऊन थांबू लागले. यादीत बेचाळीस नावे असली की माझी मोजणी एक्केचाळीसवर पूर्ण व्हायची. चालक विचारायचा, "झाले का?" आणि मी म्हणायचे, "एक्केचाळीस आणि काका." अलीकडे आणि काका म्हणायचेही सोडून दिले होते.

आज सकाळी साडेआठ वाजता बस स्टँडवरून निघाली. यादीत बेचाळीस प्रवासी होते. मुलाने काकांना सव्वाआठला आणून सोडले. काकांच्या अंगात फिकट निळा सदरा, पायात पट्ट्यांच्या चपला, डोक्यावर कापडी टोपी होती. नऊ वाजता घड्याळाचा मनोरा, दहा ते बारा वस्तुसंग्रहालय, साडेबारा वाजता जेवण, आणि पावणेदोन वाजता आम्ही वनस्पती उद्यानात पोहोचलो. बस उद्यानाच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, बसगाड्यांसाठी आखलेल्या जागेत उभी केली होती. तोपर्यंत सर्व काही नेहमीप्रमाणे होते.

उद्यानात एक मोठे काचघर आहे. आत उष्ण आणि दमट असते. मुलीच्या हट्टापायी सहलीला आलेल्या साठीच्या एक बाई, ज्या सकाळपासून पाय दुखतात म्हणत होत्या, त्यांना तिथे भोवळ आली. एका बाजूने त्यांच्या मुलीने आणि एका बाजूने मी त्यांना धरले आणि बसपर्यंत आणले. काका माझ्या मागोमाग होते. पुढच्या दारापाशी मी त्यांना म्हटले, "काका, तुम्ही चढा, मी आलेच," आणि त्या बाईंना मागच्या दाराने चढवून शेवटच्या लांब सीटवर आडवे केले. त्यांच्या तोंडावर पाणी मारले, साखर दिली. लोक पुढच्या दाराने चढत होते. दोन वाजून चाळीस मिनिटांनी मी मागच्या सीटपासून मोजायला सुरुवात केली आणि दुसऱ्या बाकापाशी थांबले. एक्केचाळीस भरले. त्या बाईंचे कण्हणे चालूच होते, म्हणून मी तिथूनच चालकाला "चला" म्हणून ओरडले आणि परत मागे गेले. पहिल्या बाकाकडे मी पाहिले नाही. त्यावर माझी पिशवी आणि काकांची टोपी होती असे नंतर दिसले. चालकाला वाटले, काका माझ्यासोबत मागे आहेत. मला वाटले, ते चालकामागे त्यांच्या जागेवर आहेत. दोघांच्या भरवशावर माणूस असा राहून जातो.

त्यानंतर मागे बसूनच मी माइक मागवून घेतला आणि माहिती सांगितली. तीन वाजून दहा मिनिटांनी बस जुन्या पुलावर आली. पुलावर आम्ही थांबत नाही, फक्त वेग कमी करतो. या पुलाखालून बरेच पाणी वाहून गेले आहे आणि ते मोजायला नेमलेला साहेब अजून पहिलाच आकडा शोधतो आहे, हा माझा पाचवा विनोद. तो सांगितला. कोणी हसले नाही. इतर कोणी हसत नाहीच, त्याचे काही नाही. पण कोणीच हसले नाही. मी माइक बंद केला आणि धावत्या बसमध्ये पुढे गेले. पहिला बाक रिकामा होता.

मी चालकाला बस वळवायला सांगितले. पूल एकेरी आहे, वळवता येत नाही. त्यापुढे मत्स्यालयापर्यंत तोच रस्ता आहे. मी कार्यालयात फोन केला. व्यवस्थापक म्हणाले, सहल पूर्ण करा, उद्यानात आम्ही कळवतो. मी स्वतःही उद्यानाच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला फोन केला. तो आत फिरून आला आणि काचघरात, बाकांवर, हौदापाशी कोणी एकटे म्हातारे गृहस्थ नाहीत असे त्याने सांगितले. रस्त्यापलीकडे बसगाड्यांच्या जागेत पाहा, असे मी त्याला म्हटले नाही. मी मुलाला फोन लावला. कारखान्यात आत जाताना फोन कपाटात ठेवावे लागतात, ते साडेचारला मिळतात, हे मला नंतर कळले. तोपर्यंत मी बावीस वेळा लावला.

बसमध्ये हे कळल्यावर काही प्रवासी हळहळले. एकाने दुपारी जेवताना काढलेला फोटो दाखवला, त्यात मागच्या टेबलावर काका पाणी पिताना दिसतात. तोच फोटो मी पुढे ठाण्यात दिला. एकाने विचारले, "मत्स्यालय रद्द नाही ना होणार?" त्याचा मला राग आला होता. आता तोही नाही. तोही वर्षातून एकदाच सुट्टी घेऊन आला असेल.

साडेतीन वाजता प्रवाशांना मत्स्यालयात सोडून, पुढची सगळी सहल चालकाच्या हवाली करून मी टॅक्सी केली. मी उद्यानात गेले नाही. पहारेकरी नाही म्हणाला होता, आणि माझी अशी समजूत होती की विसरणारी माणसे जुन्या जागी जातात. म्हणून मी त्यांच्या लिफ्टच्या इमारतीत गेले. वस्तुसंग्रहालयाकडे जाताना ती वाटेत लागते आणि काका दर वेळी माझ्या हाताला धरून दाखवतात, "ही माझी." तिला आता काचेची दारे आहेत आणि लिफ्टमध्ये आरसा आहे. दारावरच्या पहारेकऱ्याला मी निळ्या सदऱ्यातले म्हातारे लिफ्टमन इथे आले होते का असे विचारले. तो म्हणाला, "लिफ्टमन? इथं लिफ्टमन कधी होता?" मी तरी चौदाही मजले पाहिले. नंतर आजूबाजूचे दोन रस्ते पाहिले आणि पाच वाजून पाच मिनिटांनी या ठाण्यात येऊन काका बेपत्ता असल्याची खबर दिली.

पाच पस्तीसला मुलगा ठाण्यात आला. कारखान्यात केसांवर घालायच्या टोपीचा वळ त्याच्या कपाळावर तसाच होता. तो ओरडला असता तर मला सोपे गेले असते. तो एवढेच म्हणाला, "ताई, तुमच्या हातात दिले होते." त्यानंतर आम्ही दोघे एका शिपायासोबत त्यांच्या आधीच्या घरी जाऊन आलो. तिथे आता एक सायकलदुरुस्तीचे दुकान आहे. दुकानदाराने कोणाला पाहिले नव्हते. वाटेत मी रस्त्याच्या डाव्या बाजूला पाहत होते, तो उजव्या.

सहा वाजून वीस मिनिटांनी मला चालकाचा फोन आला. सहा वाजता प्रवाशांना स्टँडवर उतरवल्यावर त्याने बस आगारात न नेता, कोणालाही न विचारता, रिकामी उद्यानाकडे नेली होती. चालक मुळात कमी बोलतो. तो म्हणाला, "सापडले. उभे आहेत." मी विचारले, कुठे. तो म्हणाला, "जिथं सोडलं तिथंच."

शिपाई, मुलगा आणि मी सहा चाळीसला तिथे पोहोचलो. काका बसगाड्यांसाठी आखलेल्या दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मधे, जिथे दुपारी बसचे पुढचे दार होते, बरोबर तिथे उभे होते. बस शेजारी उभी होती आणि चालक त्यांना दहा वेळा चढा म्हणाला होता, पण ते चढत नव्हते. मला पाहून ते म्हणाले, "आलात? गर्दी होती का?" मी होती म्हटले. त्यांनी मुलाकडे पाहिले आणि म्हणाले, "तू आज लवकर सुटलास." मी त्यांचा कोपर धरला तेव्हा ते बसमध्ये चढले.

तिथे एक बाई हातगाडीवर पाण्याच्या बाटल्या विकतात. त्यांनी मला आणि शिपायाला जे सांगितले ते असे. दुपारी आमची बस निघायच्या वेळी काका पुढच्या दारापाशी बाहेर उभे राहून प्रत्येकाला हाताने आत घालत होते आणि "आत सरका, आत सरका" म्हणत होते. सगळे चढल्यावर त्यांनी आत पाहिले, "भरली," असे म्हणाले, दोन पावले मागे सरकले आणि चालकाला हात हलवून जाऊ द्या अशी खूण केली. खूण करणारा हात तेवढा चालकाला आरशात दिसला होता. त्याला तो गाड्या लावून देणारा माणूस वाटला. लिफ्ट भरली की लिफ्टमन दार लावतो आणि राहिलेले लोक पुढच्या खेपेला थांबतात. आज राहिलेले तेच होते. एवढे त्यांच्या ध्यानात आले नसावे.

पाणीवाल्या बाईंनी त्यांना पाणी दिले आणि बसायला स्टूल देऊ केले. पाणी त्यांनी घेतले. स्टुलाला नको म्हणाले. त्या जागेत यायला तीन बसगाड्यांनी हॉर्न वाजवले, एका चालकाने खाली उतरून शिव्याही दिल्या, तरी ते हलले नाहीत. "आजोबा, कोणाची वाट बघताय?" असे पाणीवाल्या बाईंनी विचारल्यावर त्यांनी सांगितले, "आमच्या बाई येणार आहेत. चुकामूक झाली तर कुठं शोधत फिरू नका, जिथं उतरलात तिथंच उभे राहा, मी परत येते, असं सांगितलंय त्यांनी."

हे मी सांगितलेले आहे. रोज सकाळी बस निघताना माइकवर शेवटी हीच सूचना देते. एकोणीस वर्षांत ती कोणी पाळल्याचे मला आठवत नाही. लोक फोन करतात, भांडतात, भलत्याच बसमध्ये जाऊन बसतात. तिचा मला स्वतःलाही विसर पडला होता, तोंडाने म्हणत होते तेवढेच. काकांना सकाळी काय खाल्ले ते दुपारी आठवत नाही. ते हे लक्षात ठेवतील असे माझ्या मनात एकदाही आले नाही. तीन चाळीसला मी टॅक्सीवाल्याला उद्यान सांगितले असते तर ते मला चार वाजता मिळाले असते. मोजले नाही ही माझी पहिली चूक. तिथे आधी गेले नाही ही दुसरी, आणि ती पहिलीपेक्षा मोठी आहे असे मी मानते. ते एकूण चार तास उभे होते.

सात वाजता ठाण्याच्या आवारात मुलाने मला बाजूला बोलावले आणि हात जोडून विनंती केली. "ताई, बाबा स्टँडवर उतरले आणि तिथून भरकटले, असं सांगा ना. सहल संपल्यावर झालं, असं. म्हणजे कोणावरच येणार नाही. नाहीतर कंपनी त्यांना घेणार नाही पुन्हा. मग मी काय करू? मी सोडू काम, की तिनं सोडायचं?" हे मी सांगते आहे म्हणून त्याच्यावर काही येऊ नये. तो वाईट मुलगा नाही. त्याच्या बापाची नखे नेहमी कापलेली असतात आणि सदऱ्याला इस्त्री असते. दीड वर्षात तो एकदाही उशिरा न्यायला आला नाही. त्याने मागितले ते मला समजले. त्यात माझीही नोकरी वाचत होती, हेही मला समजले. मी हो म्हणणार होते.

तेवढ्यात चालकाने काकांना बाकावर बसवून त्यांच्या चपला काढल्या. दोन्ही पाय घोट्यापर्यंत सुजले होते आणि पट्ट्या रुतून लाल वळ उठले होते. काका आपल्याच पायांकडे दुसऱ्या कोणाचे असावेत तसे पाहत होते. मग ते चालकाला म्हणाले, "आज फेऱ्या फार झाल्या." त्यानंतर मी मुलाला सांगितले की मला खोटे सांगता येणार नाही. तो जाऊन काकांशेजारी बसला.

ठाणे अंमलदारांनी विचारल्यावरून सांगते की, चालकाचा यात दोष नाही. माझ्या मोजणीवर त्याने बस सोडली, आणि आज शोधायला योग्य जागी गेला तो एकटाच. मुलाची माझ्याविरुद्ध तक्रार नाही असे त्याने माझ्यासमोर सांगितले आहे. कंपनीने मला आजच फोनवरून, पुढील निरोप येईपर्यंत कामावर येऊ नका, असे कळवले आहे. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. दोन दिवस गप्प बसायला मिळाले तर घशाला बरेच वाटेल.

माझे म्हणणे एवढेच आहे की, मला कामावर परत घेतले आणि शुक्रवारी काकांना एकटे आणून सोडले, तर मी त्यांना बसमध्ये घेणार नाही. घरचे माणूस सोबत असेल तर खिडकीची जागा त्यांचीच आहे. एकटे असतील तर नाही. मी एक थकलेली बाई आहे. बेचाळीस लोकांना घेऊन फिरते, कोणाला भोवळ येते, कोणाचे पाकीट पडते, आणि माझे लक्ष पुन्हा दुसरीकडे जाईल. आज मला पोहोचायला चार तास लागले. पुढच्या वेळी किती लागतील ते मी सांगू शकत नाही, आणि मी येईपर्यंत ते माझ्या शब्दावर उभे राहतील. इतका भरवसा माझ्याच्याने पेलवत नाही. मंगळवार आणि शुक्रवारचे मुलाने काय करावे, हे मला माहीत नाही. मला सुचले असते तर दीड वर्षापूर्वीच सांगितले असते. हे सांगताना मला फार वाईट वाटत आहे, तेही लिहावे. जबाबात असे लिहीत नाहीत असे हवालदार म्हणाले. मी लिहा म्हटले, म्हणून लिहिले आहे.

हवालदारांनी हा जबाब पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचला. त्या वेळी काका समोरच्या बाकावर मुलाशेजारी बसले होते आणि लक्ष देऊन ऐकत होते. वाचन संपल्यावर त्यांनी मला विचारले, "मग तो म्हातारा सापडला का हो?" मी सापडला म्हणून सांगितले. त्यांनी विचारले, "त्याला न्यायला घरचं कोणी आलं का?" मुलगा म्हणाला, "आलंय, बाबा." काका म्हणाले, "मग ठीक आहे." एवढे माझ्या सांगण्यावरून शेवटी वाढवून घेतले आहे. बाकी मजकूर मी बोलले तसाच उतरला आहे. तो ऐकून मला मान्य आहे, म्हणून खाली सही करते.